पिशव्या राखताना

दादा,

सप्रेम जयभीम. हे पत्र तुला पाठवणार नाहीये, म्हणून खरं लिहिते.

घोरावडेश्वरच्या डोंगराचा ट्रेक मी आमच्या एमएसच्या, मल्टिपल स्क्लेरोसिसवाल्यांच्या ग्रुपसाठी ठरवला होता. उजाडताच चढायचं, कारण ऊन लागलं की आमच्या पायांचं पाणी होतं, हे तुला दहादा सांगितलं होतं. तू चाकणच्या तुझ्या कंपनीची बस मिळवलीस. पण ती पहिल्या शिफ्टच्या लोकांना कंपनीत सोडून मग आली आणि पायथ्याशी पोचेपर्यंत ऊन चांगलं तापलं होतं.

थोड्याच पायऱ्यांत श्रद्धाचे पाय गेले, मग माझे. अरुंधतीताईंना समोरचं दोन-दोन दिसायला लागलं. आम्ही सगळे पेशंट खाली येऊन झाडाखाली बसलो. तू म्हणालास, "आता एवढं आलोच आहोत, तर आम्ही घरचे लोक पटकन वर जाऊन येतो."

मीच म्हटलं, "जा की. पिशव्या आम्ही राखतो."

राग त्याचा नाही रे. वर जाऊन तुम्ही घरच्यांनी आमचा बॅनर धरलात, 'एमएस असला तरी आम्ही चढणारच!', आणि फोटो व्हॉट्सॲपवर टाकलात. त्यात एकही पेशंट नाही. अख्ख्या काळेवाडीने माझं अभिनंदन केलं. मीही सगळ्यांना थँक्यू म्हटलं.

पुढच्या वर्षी परत जाऊ म्हणालास, मी हो म्हटलंय. तोवर भिंत धरून संडासापर्यंत जाता आलं तरी खूप.

आई फोटो मोठा करकरून बघत होती. "तू कुठंय गं यात?"

"मी काढलाय ना तो," म्हटलं.

तुझीच,
भाग्यश्री