मशीन बिघडलं नव्हतं

प्रिय लंबू,

फोन हातात घेतला होता, पण तुझा आवाज ऐकला की मी आणखी एक थाप मारीन, म्हणून लिहून ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. सोबत बाबांच्या स्कॅनची सीडी आहे. गाठीने श्वासनलिका बाहेरून अशी आवळलीय की सुतळीएवढी वाट उरलीय. बाबा बसूनच झोपतात. दोन शब्द बोलले की थांबतात.

तू म्हणाला होतास, घरच्या माणसावर आपला हात चालत नाही, मी येतो. तेव्हा मी केवढा तोरा दाखवला! एकाच सरांच्या हाताखाली शिकलो आपण. एक्स-रेच्या पडद्यावर बघत लोकांच्या बंद नळ्या उघडण्यात माझा जन्म गेला, आणि बापाच्या वेळी तुला बोलावू? बाबाही वॉर्डभर सांगत सुटले होते, माझा पोरगाच करणार म्हणून.

काल केलं. म्हणजे, केलंच नाही. बाबांना गुंगीचं औषध बेतानंच दिलं होतं. तार गाठीच्या पलीकडे अगदी सहज गेली. आता तिच्यावरून स्टेंट सरकवून सोडायचा, जाळी फुलली की वाट मोकळी. तेवढ्यात बाबा खोकले, पडद्यावर त्यांच्या बरगड्या हलल्या. जाळी खाली घसरली तर एक अख्खं फुफ्फुस बंद, एवढंच डोक्यात. मी तार काढून घेतली आणि बाबांना सांगितलं, मशीन बंद पडलं.

अरे, मशीन ठणठणीत होतं! शेजारी टेक्निशियन उभा होता, त्याला सगळं कळलं. गुंगी उतरल्यावर बाबांनी धापा टाकत त्यालाच सुनावलं, यंत्रं नीट ठेवता येत नाहीत का म्हणून. तो बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी माझं तोंड उघडलं नाही, इतका मी भेकड.

आज सकाळी मात्र त्याला घेऊन बाबांकडे गेलो आणि खरं ते सांगून टाकलं. बाबांनी आधी त्याचा हात धरून माफी मागितली. मग माझ्याकडे बघत, थांबत थांबत म्हणाले, तुला चांगल्या शिव्या हासडायच्यात, पण श्वास पुरत नाही. लंबूला बोलाव. म्हणून हे पत्र. गाडी तुझ्या दारात उभी आहे, तशीच पकड. स्टेंट तू टाक, मी शिशाचा कोट घालून बाबांचा हात धरून उभा राहतो. मला त्या शिव्या ऐकायच्यात रे. एका दमात, सगळ्या.

तुझाच,
तोंड लपवून बसलेला दोस्त