हेमाताईचा आजार

कर्वेनगर, पुणे
रविवार

ती. हेमाताईस, सुरुचीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे साष्टांग फक्त कागदावर.) बंगळूरची हवा तुला मानवते ना? चिरंजीव केयूर वेळेवर घरी येतो का? फोनच करणार होते, पण तो दोन मिनिटांत संपतो. तुझी तब्येत तिकडे उत्तम असणार. इकडे मात्र ती फार खालावली आहे, आणि ती मीच बिघडवली.

त्याचं असं झालं. आमच्या बिल्डिंगमधली हिरवळ म्हणजे पाण्याच्या टाकीखालचं शेवाळं. मी स्वारगेटहून बसने परतेपर्यंत महापालिकेची बाग बंद होते. आणि रस्ता ओलांडला की तुझी सोसायटी: कडुनिंब, बहावा, बारा बाकं, आणि बाकांवर कोणीही नाही. ('बाग फक्त सभासद व त्यांच्या पाहुण्यांसाठी. इतरांनी आपापल्या घरी बसावे,' अशी पाटी आहे.) तुझा फ्लॅट दोन वर्षं कुलूपबंद, पण गेटवरच्या वहीत तुझं नाव अजून चालतं. म्हणून 'कोणाकडे' खाली मी तुला लिहिलं आणि 'कारण' खाली, दुसरं काही सुचेना म्हणून, 'तब्येतीची चौकशी'. असे सत्तर दिवस. वॉचमन मच्छिंद्रला सगळं ठाऊक आहे. तो एवढंच विचारतो, "काय मॅडम, आज ताईंना कसं वाटतंय?" दिवसभरात मला कोणी आपणहून विचारलेला हा एकच प्रश्न, त्यामुळे मीही मनापासून उत्तर देते, "कालच्यापेक्षा बरं." मग बहाव्याखाली अर्धा तास बसते.

रुपाली (तिथे चार घरी पोळ्या करते, तिला बाकावर बसायला मनाई) परवा म्हणाली, "ताई, तुमच्याकडं निदान आजारी माणूस तरी आहे. माझ्याकडं तेही नाही." मी लगेच तुला तिच्याशी वाटून घेतलं; तीही वहीत तुझंच नाव लिहू लागली. तिथेच घोळ झाला. दोन-दोन माणसं बघायला येतात म्हणजे प्रकरण गंभीर, असं ठरवून महिला मंडळ मऊ भाताचा डबा घेऊन तुझ्या दाराशी गेलं. कुलूप बघून त्यांनी तुला परस्पर आयसीयूत हलवलं.

तुझी (आणि वहीतही तुझीच),
सुरुची

ता. क. महिनाअखेरच्या सभेनंतर सेक्रेटरी महिपतराव तुझ्या आजाराची खात्री करायला तुला फोन करतील. तेव्हा जरा खोकशील का? बहावा फुलेपर्यंत पुरेल, इतपतच.

पुन्हा ता. क. किंवा खोकू नकोस. चार दिवस इकडेच ये. रुपालीलाही बोलावू, तिघी बाकावर बसू. या वेळी 'कारण' खाली मी खरं लिहीन.