पडद्यामागून पाहिलेलं भूत

आत्याबाई, त्या भुताच्या मनगटावर घड्याळ होतं. मी तेव्हाच म्हटलं होतं, तुम्ही मानलं नाही. परवा तुमच्या नातवाने तोच सिनेमा सीडीवर आणला आणि भर दुपारी घरात लावला. तीच पांढरी साडी, तेच मोकळे केस, आणि मेणबत्ती धरलेल्या हातात चांगलं पट्ट्याचं घड्याळ. फक्त मला ते उजव्या हातात आठवत होतं आणि टीव्हीवर निघालं डाव्यात. मग लक्षात आलं, टेंभुर्णीच्या तंबूत बायांना पडद्याच्या मागच्या अंगाला बसवलं होतं. पुरुष पुढून बघत होते, आपण पाठीमागून, म्हणून आपल्याला अख्खा सिनेमा उलटा दिसला. अक्षरंही उलटी होती म्हणे. आपल्या दोघींना सुलटी तरी कुठे येत होती. मला अजून येत नाहीत. हे तुमची नातसून लिहून घेते आहे. तिला सांगून ठेवलंय, मी बोलेन तसं उतरव, सासू ह्या जातीची दया येऊन काही गाळू नकोस.

तुम्ही मला आयुष्यात एकदाच कुठे नेलं ते त्या तंबूत. जत्रा होती, तुमचा लेक बैलगाडी हाकत होता, तुम्ही पुढे आणि मी मागे पाय सोडून. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती, पाळणा हलला नव्हता, आणि तुमच्या मनात तिसरी सून आणायचं चाललंय हे सगळ्या आळीला माहीत होतं. मी दुसरी. थोरली माझ्याआधी आपल्या परसातल्या आडात पडून मेली होती. शेवाळावरून पाय घसरला, असं तुम्ही मला लग्नाच्या मांडवातच सांगितलं आणि तिची चांदीची पुतळी काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधली. मेलेल्या सवतीने छळू नये म्हणून दुसरेपणाच्या बाईने ती घालायची, नवं लुगडं आधी पुतळीला लावायचं आणि मग नेसायचं. तेव्हा तुम्ही मला लुगडं घेतलंच नाहीत, म्हणून थोरलीलाही मिळालं नाही. आमच्या दोघींचा हिशेब तुम्ही बराबर सारखा ठेवला होता.

सिनेमा काय, एक बंगला होता. त्याचा खांब नटाचा धक्का लागला की हलायचा. एकच खोली, पडदा बदलून तीच दुसरी खोली. वादळ सुटायचं तेव्हा एकाच बाईचे केस उडायचे, शेजारच्या बाईचे जागच्या जागी. पण तंबूत बाया एकमेकींच्या पदरात तोंड घालून बसल्या होत्या, आणि तुम्ही, ज्यांच्या हाकेला आख्खं घर दचकायचं, माझा दंड इतका घट्ट धरून बसला होतात की नखं रुतली. मला फार गंमत वाटली. तेवढ्यात भुताने हात वर केला, मला घड्याळ दिसलं, आणि माझ्या मनात आलं की हिलाही वेळेवर घरी पोचायचंय, सासू वाट बघत असेल. मी हसले. चांगली मोठ्याने हसले. सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. तुम्ही माझा दंड सोडलात आणि सरकून बसलात. परतीच्या वाटेवर तुम्ही तुमच्या लेकाला सांगितलं, "ही न्हाई हसली. हिच्यातली ती हसून राह्यली."

तुमचं डोकं मला तेव्हाही आवडलं होतं, खोटं कशाला सांगू. वांझ म्हणून माहेरी धाडली असतीत तर माझ्या भावाने चार माणसं आणून बसवली असती. झपाटलेली म्हणून धाडली की कोण विचारतो. भावजय तर दारातच उभी राहिली असती, असली बाई लेकराबाळांच्या घरात कोण घेणार. तुम्ही तुमच्या लेकाला कापूस घेऊन भोकरदनला लावून दिलंत आणि दिवसाढवळ्या, अंगणात, आळीतल्या बायांसमोर भगत बसवलात. बाया साक्षीला हव्या होत्या तुम्हाला. शेगडीत सुक्या मिरच्या टाकल्या, माझ्या डोक्यावर घोंगडं घातलं आणि तुम्ही स्वतः माझी मान खाली दाबून धरलीत. "बोल, कोण हायेस तू," भगत विचारत होता आणि पाठीवर वेताची छडी मारत होता. थोरलीचं नाव घेतलं की सुटका होती आणि त्याच नावाने मला घराबाहेरही काढणार होतात. नाव घेतलं नाही तर धुरी चालूच. डोळे फुटतात की काय असं झालं. मग मला तो बंगला आठवला. ते भूत कसं हळूहळू मान वळवतं, समोरच्याकडे न बघता त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघतं, आणि कसं दबक्या आवाजात बोलतं. मी तस्संच केलं. घोंगडं बाजूला केलं, तुमच्या डोक्यावरून परसातल्या आडाच्या दिशेने बघितलं आणि म्हटलं, "त्या दिवशी माझ्या पाठीमागं कोण होतं, सांगू का?"

तुम्ही घागर उचललीत आणि शेगडीवर उपडी केलीत. सगळं अंगण राखेने भरलं. "बास. गेलं. निघून गेलं भूत," तुम्ही म्हणालात. भगत बिचारा खवळला, "आवो बाई, आत्ता कुठं बोलायला लागलंय ते, अन तुम्ही गेलं म्हणता?" भुताला बोलतं करण्यातच त्याचा मान होता, तुम्ही त्याच्या तोंडचा घास काढलात. त्याला नारळ आणि कोंबडी देऊन तुम्ही जवळजवळ ढकलत फाटकाबाहेर काढलंत. ढकलायचा सराव होता, हे मला तेव्हा कळलं. त्याआधी मला काहीएक माहीत नव्हतं, आत्याबाई. मी सिनेमातलं एक वाक्य म्हटलं होतं. बाकीचं तुमच्या हातांनी सांगितलं, तोंडाने नाही.

तिसऱ्या सुनेचं नाव पुन्हा निघालं नाही. पुढच्या पोळ्याला तुम्ही लुगडं आणलंत, जरीकाठी, आणि स्वतःच्या हाताने पुतळीला लावलंत. मग सणावाराला पुतळीला पुरणपोळी, पुतळीला तूप, पुतळीला सांजोरी. थोरली जिवंत असताना तिला शिळी भाकरी मोजून द्यायच्या असं बाया सांगतात. मेल्यावर तुम्ही तिचं पोट भरलंत, पण घास माझ्या तोंडात. मला चांगलं बाळसं आलं, आणि लेकरूही झालं. मी तुम्हाला कधी उलट बोलले नाही, हे सगळी आळी सांगेल. मी फक्त तुमच्या पाठीमागे येऊन उभी राहायचे. तुम्ही शेंगा सोलत बसलात, उभी. तुळशीला पाणी घालत असलात, उभी. तुम्ही झटकन वळायच्या, आणि मी म्हणायचे, "काई न्हाई आत्याबाई, मीठ बघायला आल्ते." अंगणात मीठ कुठलं, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत.

शेवटी तुमचं अर्धं अंग गेलं तेव्हा तुम्ही बोटाने खुणावून खाट भिंतीला लावून घेतलीत. तुमच्या लेकाला वाटलं, वारा लागतो. मी केर काढायच्या निमित्ताने रोज ती खाट वीतभर पुढे ओढायचे, आणि खाटेच्या नि भिंतीच्या मधे जाऊन सावकाश झाडायचे. इतकं स्वच्छ घर आळीत कोणाचं नव्हतं. इथे नातसूनबाईचा हात थांबलाय. लिही गं. हे मी माफी मागायला लिहवून घेत नाही. माझे डोळे अजूनही फोडणीला गळतात.

तर परवाचा सिनेमा. सगळे हसले. खांब हलला तर तुमचा नातू उशीवर लोळला. तुमची पणती, मांडीवर बसते एवढी, भुताकडे बघून टाळ्या वाजवून हसली, आणि तिला कोणी भगतापुढे बसवलं नाही. मी त्यांना म्हटलं, थांबा, आता ती बोलेल बघा. जिन्यावरून उतरते, मान वळवते, डोक्यावरून पलीकडे बघते आणि विचारते. ती जिन्यावरून उतरली. मान वळवली. पलीकडे बघितलं. आणि दार वाजलं, मेणबत्ती विझली, झालं. मी तुमच्या नातवाला ते मागे न्यायला लावलं, पुन्हा पुन्हा न्यायला लावलं. तो कंटाळला. "आई, ती बोलतच न्हाई. सगळ्या सिनेमात तिला एक शब्द न्हाई. बोलणारी बाई महाग पडली असंल त्यांना." सगळे पुन्हा हसले. मीही हसले.

मग ते वाक्य कुठून आलं, आत्याबाई? मी तर इतकी वर्षं तंबूतल्या भुताचे उपकार मानत आले. दुसऱ्या सिनेमातलं म्हणावं तर मी दुसरा सिनेमा तोवर बघितला नव्हता. तुम्ही दोघी तिकडे भेटला असाल, तर थोरलीला विचारून ठेवा. आणि तुम्ही तिच्या पुढे बसता की मागे, तेही मला कळायला हवं.

हा कागद कुठे धाडायचा, असं सूनबाई विचारते आहे. धाडायचा कुठेच नाही, पत्र्याच्या डब्यात टाक म्हटलं. पुतळी मोडून पणतीचे वाळे करायचे ठरलं होतं. सोनाराला नको म्हणून कळवलं, ती पुन्हा गळ्यात आहे. आणि आणखी एक, सूनबाई, तू खाली मान घालून लिही, माझ्याकडे बघू नकोस. परवा संध्याकाळी मी माझी खाट भिंतीला लावून घेतली. मागे झाडता येत नाही म्हणून तू कुरकुरलीस, तेव्हा कंबरेला टेकण लागतं असं तुला सांगितलं. कंबर चांगली आहे.