पाणी लागलं

२ जानेवारी १९५६

गिरगावातल्या त्या खोलीचा आणि घरमालकाच्या तोंडाचा आज कायमचा निरोप घेतला. परळची ही तळमजल्याची खोली माझ्या भाच्याने, हेमचंद्राने, मिळवून दिली. तो बोगद्यावर इंजिनिअर आहे. इथून वरळीच्या समुद्रापर्यंत सांडपाण्याचा बोगदा जमिनीखालून चालला आहे. खिडकीसमोर चाळीची विहीर, ऊन भरपूर. शेजारची दुर्गा न सांगता चहा घेऊन आली. गोडमिट्ट होता, पण पहिलाच दिवस म्हणून मी काही बोलले नाही.

हेमूने मला कामही लावून दिलं. रोज सकाळी गाठी मारलेल्या दोरीला पितळी ओळंबा बांधून विहिरीत सोडायचा आणि पाणी किती खाली गेलं ते त्याला कळवायचं. विहीर जेवढी उतरेल तेवढं पाणी बोगद्यात झिरपतं आहे असं समजायचं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून केस पिकवलेल्या बाईला हे काय जड? दोरीचं वरचं टोक मी खिडकीच्या गजाला बांधून ठेवलं आहे.

५ जानेवारी

दुर्गाचा नवरा गुणाजी बोगद्यात खणतो. मूळचा जुन्नरकडचा, विहिरी खणणाऱ्या घरातला. बायको घाबरेल म्हणून त्याने तिला सांगितलं आहे की मुंबईत मोठी विहीर खणतोय. मला हे मुळीच पटलं नाही आणि मी त्याला तसं सुनावलं. तो हसला. म्हणाला, बाई, बोगदा म्हटलं तर ती मला गावाकडं ओढून नेईल. मग विषय बदलायला त्याने मला खालची खूण शिकवली. दोरीला एक हिसका म्हणजे थांबा, दोन म्हणजे ओढा, तीन म्हणजे सगळ्यांना वर घ्या. एवढी शिस्त आमच्या एक्स्चेंजात कधी दिसली नाही.

हेमू म्हणतो, काळजी नको, खडक पक्का आहे. खणण्याआधी पुढे एक लांब, बारीक भोक पाडून पाहतात. पाणी आलंच तर त्यातून पातळ सिमेंट दाबून फटी बुजवतात. शिवाय मध्ये पोलादी दार आहे, फारच लोंढा आला तर लावून घ्यायला.

लावायचं कुठल्या बाजूने, असं मी विचारलं. त्याने चहा मागितला.

१२ जानेवारी

विहीर बरीच उतरली. पाणी चाखलं तर खारट. म्हणजे बोगदा खाडीचं पाणी ओढतो आहे. ही सगळी जागा भर घालून खाडीतून काढलेली, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. हेमूला बोलावून पेला पुढे केला. तो म्हणाला, दमूआत्या, तुला रक्तदाब आहे, तुला सगळंच खारट लागतं. पुढची भोकं पाडायला वेळ जातो, वरच्यांना घाई आहे, म्हणून सध्या ती बंद आहेत. मी त्याला मूर्ख म्हटलं. समजलं नसेल म्हणून शाळेतल्या सिस्टरांच्या इंग्रजीतही म्हटलं.

१७ जानेवारी

मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत, असं काल रेडिओवर सांगितलं. आज सगळं पेटलं आहे. नाक्यावर गोळीबार, मग संचारबंदी. घोषणांनी कान किटले. घोषणा चूक नव्हत्या.

भरदुपारी त्या गदारोळात विहिरीतून आवाज आला. पुरुषांचा, स्पष्ट. पाणी लागलं, पाणी लागलं. दुर्गा धावत आली. त्यांच्याकडे विहिरीला झरा फुटला की असंच ओरडतात म्हणे. तिने काठावर हळदकुंकू वाहिलं, चाळभर साखर वाटली. माझ्याही हातावर ठेवली. मी खाल्ली.

साखर तोंडात असताना मला समजलं.

१८ जानेवारी

हेमू पोलिसांचा पास घेऊन आला. दार वेळेत लावलं, बोगदा वाचला, म्हणाला. फक्त गुणाजी सापडत नाही. मोर्च्यात गेला असेल, गोळी लागली असेल, असं वरचे लिहून देणार आहेत. मी विचारलं, माणूस चिखलातून उठून परस्पर मोर्च्याला गेला, हे लिहिताना हात झडत नाही का? तो एकदाही विहिरीकडे बघेना.

दुर्गा म्हणते, पानी लागलंय, आता उपसायचं काम आसंल, म्हणून आलं न्हाईत.

मी तिला काही सांगितलं नाही.

१९ जानेवारी

विहीर भरते आहे. उतरायची ती वर येते आहे.

ओळंबा सोडला. खालून हिसका. एकच.

कपारीत अडकला असेल —

२० जानेवारी

लख्ख ऊन. दुर्गा काठावर कपडे धूत होती. दोन हिसके. तिनेही पाहिले. तिला खूण ठाऊक नाही. मला आहे.

हेमूला निरोप पाठवला. आला नाही.

नोकरीत मी एकही हाक तशीच सोडली नव्हती. इथे मात्र —

२१ जानेवारी

दुर्गाला सगळं सांगितलं. बोगदा, दार, हिसक्यांची खूण. रडली नाही. म्हणाली, मग वढा की, बाई.

दोघींनी ओढलं. जड. ती वाकून म्हणाली, त्यांचा हात हाय. मी पाहिलं. बोटं होती दोरीवर. एका माणसाची नव्हती —

आत आले. कडी घातली. ती येत नाही. काठावर बसून कुणाशी तरी बोलते आहे.

हेमू, फक्त गुणाजी म्हणालास. दाराआड किती जण होते रे —

गज वाकतो आहे.

एक. दोन.

तीन.

दुर्गा ओरडते आहे, आनंदाने. साखर मागते आहे. साखर आणा, बाई —

दाराखालून ओल. बोट लावलं — खारट. उंबऱ्याला पाणी ला