फाळका, ॲव्हरेज आणि पुनमचं अपडाऊन

१२ मे, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. नशिराबादच्या या घरात माझं पूर्ण ऐकून घेणारं कोणी नाही.
जळगावात प्रकाशचंदशेठच्या गोडाऊनला चटयांची बंडलं भरताना पिकअपच्या मागच्या फाळक्याची कडी तुटली. आता फाळका बंदच राहत नाही, खाली लोंबतो. शेठ म्हणाले, कौतिकभाऊ, वेल्डिंग करून घ्या, मगच धुळ्याला निघा. म्हटलं, उद्या नक्की. आज दोरीनं बांधला. वेल्डिंगवाल्याकडे सावली नाही. उन्हात उभं राहायचं माझं वय गेलं.

१३ मे
वेल्डिंग राहिलं. बरंच झालं. मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. परदेशातला कोणी माणूस फाळका उघडा ठेवून पिकअप चालवतो. बंद फाळक्यात वारा अडतो, गाडी मागे ओढली जाते, डिझेल जास्त जळतं. उघडा असला की वारा सरळ बाहेर. म्हणजे इतकी वर्षं मी वारा वाहत होतो. उगाच नाही थकवा येत.
बायकोला, रत्नाला, समजावून सांगितलं. ती म्हणाली, "वारा बाहेर जाईल. मग चटया?" तिला विज्ञानाची आवड नाही.

१५ मे
उघड्या फाळक्यानं धुळ्याची पहिली खेप. पारोळ्याच्या पुढे गाडी एकदम हलकी वाटली. ॲव्हरेज वाढल्याची खूण. धुळ्यात एक बंडल कमी भरलं. शेठच्या माणसांची मोजणीत चूक झाली असावी.
परत येताना पारोळ्याजवळ लिंबाच्या झाडाखाली एक माणूस चटईवर झोपलेला दिसला. चटई नवीकोरी, मोरांची डिझाईन. आपल्याकडेही तशीच असते. गाढ झोपला होता. उठवलं नाही. मलाच हेवा वाटला.

१८ मे, रविवार
आमच्या लेकीला, पुनमला, नोकरी लागली. धुळ्याला देवपूरमध्ये, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचं. जूनमध्ये हजर व्हायचं. तिथं खोलीसुद्धा बघून आली, जीवरामआबा म्हणून एका म्हाताऱ्यांच्या घरी, वरच्या मजल्यावर. घरात पेढे आले. मला एकाच्या वर गेला नाही. ॲसिडिटी.

१९ मे
अंथरुणात पडल्या पडल्या तोडगा सुचला. पुनमला खोलीची गरजच नाही. रोज सकाळी मी तिला पिकअपनं देवपूरला सोडीन, संध्याकाळी घेऊन येईन. अपडाऊन. शेठची धुळ्याची खेप दिवसाआड असतेच. मधल्या दिवसांचं डिझेल तेवढं वाढीव ॲव्हरेजमधून काढायचं. म्हणजे सगळं फाळक्यावर आलं. तिला इतक्यात सांगायचं नाही. आधी आकडे हातात येऊ देत. रत्नाला सांगितलं. ती कणीक मळत राहिली.

२२ मे
पुनमला सहज विचारलं, वाऱ्याबद्दल. तिनं पेपरच्या कडेला पेनानं पिकअप काढली. म्हणे फाळका बंद असला की हौद्यात हवेचा भोवरा तयार होतो, तो तिथल्या तिथे फिरत राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत निघून जाते. म्हणून बंदच बरा, नाना, म्हणाली. काढला तर उलट थोडं डिझेल जास्तच लागेल.
छान समजावते. वर्गात मुलं खूश राहतील. पण पिकअप चालवलेली नाही तिनं कधी.

२४ मे
लोंबता फाळका हा अर्धवटपणा आहे. पूर्ण काढून अंगणात उभा केला. नटबोल्ट गंजलेले होते. कंबर धरली. दिवसभर पडून.

२६ मे
टाकी फुल करून ॲव्हरेज नीट मोजलं. फाळका बंद असतानापेक्षा कमी निघालं. पण आज समोरून वारा होता. शिवाय शेजारचा नवल, त्याची गाडी गॅरेजला म्हणून, पारोळ्यापर्यंत माझ्याबरोबर बसून आला आणि तो अंगानं भरलेला आहे. आजचा दिवस धरायचा नाही.

३० मे
परत कमी. टायरात हवा कमी असणार. हाही दिवस धरायचा नाही.
शेठचा फोन. धुळ्यात पुन्हा बंडलं कमी भरली. म्हटलं, शेठ, या उन्हात चटया आकसतात. शेठनी फोन ठेवला.

२ जून
चार दिवस फाळका लावून बघू म्हणून अंगणात गेलो. रत्नानं तो आडवा करून त्यावर पापड वाळत घातलेत. मनात असूनही लावता येत नाही.

४ जून
शेठनी धुळ्याची खेप नवलला दिली. नवलची गाडी माझ्यापेक्षा जुनी, पण तिचा फाळका बंद होतो. शेठ रागावले नाहीत. चहा पाजला, पुनमची चौकशी केली. रागावले असते तर मलाही काही बोलता आलं असतं.
एका अर्थी चांगलंच. आता सगळा वेळ अपडाऊनला मोकळा.

१० जून
पापड कधीच वाळले, डब्यात गेले. फाळका तिथंच आहे. कंबर अजून ठीक नाही.

१४ जून, शनिवार
पुनमचं सामान भरलं. कपाट, गादी, शेगडी, पुस्तकांची खोकी. मागे फाळका नाही म्हणून दोरीची आडवीउभी जाळी विणली. जाळी चांगली झाली होती.
एरंडोल सोडल्यावर विषय काढला. म्हटलं, आज सामान ठेवू, आबांना वाईट वाटायला नको, पण खरं तर खोलीची काही गरज नाही. ती बाजूच्या आरशात बघत होती. म्हणाली, "नाना, गादी."
गादी रस्त्यावर पडली होती. मागून येणारा मोटरसायकलवाला ती चुकवताना घसरला. त्याची बायको मागे बसलेली. वाचले दोघं. बाईचं कोपर सोलवटलं. मी गाडीतून उतरेपर्यंत पुनम पळत तिथं पोचली होती. तिनं बाईला सावलीत बसवलं, ओढणी ओली करून कोपराला लावली, मग हात जोडून माफी मागितली. चूक तिची नव्हती. मोटरसायकलवाला नुसता पिकअपच्या उघड्या मागच्या बाजूकडे बघत राहिला. माझ्याच्यानं गाठ बसेना. शेवटी गादी पुनमनं बांधली.
पारोळा गेलं. मग ती म्हणाली, "अपडाऊनचं मला आईनं आधीच सांगितलंय. नाना, तुम्ही लिटरला शंभर काढून दाखवलेत तरी मला तिथं राहायचंय."
मी म्हटलं, "शंभर नाही निघणार."
"माहितीये," म्हणाली.
देवपूरला जीवरामआबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. म्हणाले, "भाऊ, तुन्ही गाडीले फाळकाच नही शे. बठ्ठं सामान वाटमा पडी जाई." मी म्हटलं, नाही पडत. पुनम गादीवरची माती झटकत होती. तिनं मान वर केली नाही.

१६ जून
फाळका घेऊन वेल्डिंगवाल्याकडे गेलो. उन्हात उभा राहिलो. सांगितलेला चहा यायच्या आत कडी जोडून झाली.

२२ जून, रविवार
देवपूरला जाऊन आलो. काम काही नव्हतं. रत्नानं लोणच्याची बरणी दिली होती, तेवढंच. पुनम नव्हती. कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर लळिंगचा किल्ला बघायला गेलेली. फोन करून यायला हवं होतं. जीवरामआबा म्हणाले, "पोरगी खूश शे, कायजी करू नको." बरणी त्यांच्याकडे दिली. पाणी पिऊन निघालो.
फाळका जाता-येता बंद होता. घरी येताना टाकी भरून मोजलं. इतकं ॲव्हरेज या गाडीनं कधीच दिलं नव्हतं. पंपावर उभं राहून परत मोजलं. तेवढंच आलं.
गाडी रिकामी होती, म्हणूनही असेल.