पहिलं दार

३ फेब्रुवारी, सोमवार
डिलाईल रोडच्या बायांनो, आपल्या प्रत्येकीला कुणीतरी सांगितलंय — गप्प बस, नाव जाईल! रविवारी चाळीतल्या माझ्या भाषणाची सुरुवात हीच. आज आरशासमोर म्हणून पाहिली. आवाज लागतोय.

पण भाषण ज्या कादंबरीवर करायचंय, तिच्यावर बोलू कशी? वाचून संपली तरी अंगावरचा काटा जात नाही. हजार वर्षांपूर्वीचं, उत्तर युरोपातलं नॉर्स गाव. गावच्या सरदारानं स्वाला नावाच्या बाईवर जबरदस्ती केलेली. सगळ्यांना ठाऊक, बोलत कुणीच नाही. कितीतरी हिवाळ्यांनंतर ती त्याला मारते — आणि पळत नाही! वाटेतल्या पहिल्या घराचं दार ठोठावते, स्वतःचं नाव घेते, म्हणते, मी मारलं. तिथली रीतच तशी. मारून लपवलं तर तो खून. लगेच सांगितलं तर हक्काचा सूड. काय ही बाई!

५ फेब्रुवारी, बुधवार
रविवारच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आमच्या चाळ कमिटीचे हेरंबकाका. त्यांच्या सत्काराची शाल मीच आणली.

शेजारची कालिंदी माहेरी आलीय, लेकीला घेऊन. पुस्तक वाचायला नेलं.

८ फेब्रुवारी, शनिवार
कालिंदी दुपारी पुस्तक परत द्यायला आली. आई आत भाजी चिरत होती.

"तो कुऱ्हाडीचा घाव वाचलास?" मी सुरूच झाले.

"घाव सोड गं. तिला दार उघडलं, ऐकून घेतलं. तिथे रडले मी."

"वा! भाषणात घेते हे."

"घे की. आणि शाल घाल त्या हेरंबला."

नुसतं हेरंब! काका नाही. मग तिनं सांगितलं. कॉलेजात असताना. कमिटीच्या खोलीत. दार लावून. "आता माझी पोर तिथेच कॅरम खेळायला जाते म्हणते. उद्या सकाळी पोलिसात जातेय."

"तेव्हा कुणालाच बोलली नाहीस?"

"बोलले ना. तिथून सुटले ती पहिल्याच दारात. तुमच्या. काकू म्हणाल्या, गप्प बस, नाव जाईल."

आत विळीचा आवाज थांबला.

स्वाला मोठीच. पण ही माझ्यासमोर बसलेली! हिनं तर तेव्हाच दार ठोठावलं होतं.

९ फेब्रुवारी, रविवार
भाषण नाही. आईला एवढंच म्हटलं — कालिंदी जिन्यात थांबलीय. चप्पल घाल, पोलीस ठाण्यात चल, आणि सांग, ती आपल्या दारात आली होती.