कारणाचा रकाना

बाबा,

आईचा कंप्युटर काल दुपारी परत सुरू झाला. तोच, तुमचा, करड्या डब्याचा, ज्याच्या एका बाजूचं झाकण तुम्ही कधी स्क्रूने पक्कं केलं नाहीत, कारण ते परत उघडायचंच असतं असं तुमचं म्हणणं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही. जे लिहायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं सुचायचं, आणि मग तेही राहून जायचं. आज रविवार आहे, मी गाझियाबादच्या घरी आतल्या खोलीत तुमच्या टेबलाशी बसले आहे आणि बाहेर हॉलमध्ये आईचा वर्ग चालू आहे. अकरा मुलं आहेत. त्यांच्या चपलांचा दारात एवढा ढीग पडलाय की शेजारच्या भाभीजी येऊन विचारून गेल्या, आज काही पूजा आहे का म्हणून.

हा वर्ग तुम्ही पाहिला नाहीत. सोसायटीत पुण्या-मुंबईकडची बरीच कुटुंबं आली आहेत, नवरा-बायको दोघंही ऑफिसात, मुलं दिल्लीच्या शाळांत. मुलं घरी मराठी बोलतात, पण त्या मराठीला जागोजागी भोकं पडलेली असतात आणि तिथे हिंदीचं ठिगळ असतं. विरजणाला जामन म्हणतात, आणि उंबरठा म्हटलं की तोंडाकडे बघत राहतात. आई दर रविवारी त्यांना गोळा करते. सात वर्षांपासून ती तुमच्या कंप्युटरवर एक यादी टाइप करते आहे, ओंजळ, आडोसा, कोनाडा, झाकोळ, असे साडेसहाशे शब्द, आणि प्रत्येक शब्दाखाली तिने स्वतः रचलेलं एक वाक्य. या रविवारी ती यादी छापून, शिवून प्रत्येक मुलाच्या हातात द्यायची असं तिने सगळ्यांच्या आयांना कबूल केलं होतं.

आणि काल सकाळी मी नोएडात पोहे भिजवत असताना तिचा फोन आला. आवाज शांत होता, म्हणूनच मी गॅस बंद केला. म्हणाली, चार दिवस झाले, तो पासवर्ड घेतो, क्षणभर काळा होतो आणि परत नाव विचारत बसतो. पासवर्ड चुकला असं म्हणत नाही, बरोबर आहे असंही म्हणत नाही, फक्त परत दारात आणून उभं करतो. चार दिवस का सांगितलं नाहीस म्हटलं, तर म्हणे तुला मीटिंगा असतात. यादी पेनड्राइव्हवर घेतली आहेस का, हे विचारलं, तर गेल्याच्या गेल्या दिवाळीत घेतली होती. म्हणजे जवळजवळ दोनशे शब्द फक्त त्या डब्यात होते.

खरं सांगायचं तर मी आता कंप्युटर दुरुस्त करत नाही, कंप्युटर दुरुस्त करणाऱ्यांच्या मीटिंगा घेते. निघण्याआधी ऑफिसातल्या एकाला फोन केला. तो म्हणाला, "यार मॅम, इतना पुराना सिस्टम? फॉर्मॅट मारो, नया डालो, आधे घंटे का काम है." तो बिचारा मदतच करत होता. पण ते ऐकून मी घाईघाईने फोन ठेवला, त्याचं कारण त्याला ठाऊक नव्हतं. बाबा, ते मला आणि तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हालाही होतं, हे मला कालच कळलं. त्याच्याकडे येतेच.

आधी दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या आपल्या सरकारी क्वार्टरचं स्वयंपाकघर. मी आठवीत आहे, मिक्सर बंद पडलाय, आणि मी तो हलवते आहे, थापटते आहे, प्लग बदलते आहे, भांडं बदलते आहे. तुम्ही ऑफिसातून आलेले, टेलिप्रिंटरच्या तेलाचा वास अजून हातांना आहे, आणि तुम्ही माझं मनगट धरता. ओरडत नाही तुम्ही, ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास आणि चालू झाला, तर तुला काय कळलं?" मग ती लांबडी वही येते, चार रकान्यांची. तारीख, लक्षण, कारण, उपाय. हात लावण्याआधी लक्षण लिहायचं, हा तुमच्या घरातला नियम, सणावाराच्या सोवळ्याहून कडक. मिक्सर, पंखा, गिझर, आईची सायकल, सगळ्यांच्या नोंदी त्या वहीत आहेत. पुढे कंप्युटर चालवायला लिनक्स आलं तेव्हा तुम्ही खूश झालात, कारण याचं झाकण उघडता येतं, असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात. आईसाठी तुम्ही कार्डं लिहून भिंतीवर चिकटवलीत, प्रिंटर रुसला तर हे टाइप कर, तारीख चुकली तर ते. ती कार्डं अजून तिथेच आहेत, सेलोटेप पिवळा पडलाय.

काल मी टेबलाशी बसले आणि आईने वही पुढे सरकवली. मी लक्षण लिहिलं. पडद्यावर अजूनही दोन नावं येतात, वर तुमचं, खाली आईचं. तुमचं काढू का असं मी एकदा विचारलं होतं, त्यावर ती म्हणाली होती, जागा खातंय का ते? मी आईचं नाव निवडलं, पासवर्ड दिला. काळं झालं, परत दोन नावं. मग तुमच्या कार्डावर लिहिल्याप्रमाणे कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-वन दाबून चित्रांच्या मागच्या काळ्या पडद्यावर गेले, जिथे फक्त अक्षरं असतात. तिथे त्याच पासवर्डने आत घेतलं. म्हणजे पासवर्ड ठीक. एक गोष्ट झाली. डिस्क भरली आहे का पाहिलं, तर निम्मी रिकामी. दुसरी झाली. आई मागे उभी राहून एकेक ओळ वाचत होती आणि मला तुमच्यासारखं सावकाश काम करताना पाहून तिला बरं वाटत असावं, कारण तिने चहा आणला आणि बशीत बिस्किटं चार ठेवली.

मग मी तिच्या फायलींची यादी काढली, लपवलेल्यांसकट. प्रत्येक फायलीपुढे मालकाचं नाव असतं. बहुतेकांपुढे आई. पण एका छोट्या फायलीपुढे, जिच्या जोरावर माणसाला चित्रांचा पडदा उघडायची परवानगी मिळते, मालक म्हणून लिहिलं होतं रूट. म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी. तिच्या शब्दांच्या यादीपुढेही रूट. आई स्वतःच्या घरात भाडेकरू झाली होती. मी तिला विचारलं, बिघडायच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, नक्की काय केलंस? तिने सगळं सांगितलं. लाइट गेली, आली, कंप्युटर सुरू झाला पण चित्र आलं नाही, नुसती अक्षरं. म्हणून तिने सात नंबरचं कार्ड पाहिलं. चित्र आलं नाही तर टाइप कर, स्टार्टएक्स. तिने केलं. चित्र आलं. तिने त्या दिवशी यादीत नऊ शब्द घातले आणि झोपली.

मी म्हटलं, नुसतं स्टार्टएक्स केलं असतंस तर हे झालं नसतं. आधी सुडो टाइप केलंस का? सुडो म्हणजे पुढचं काम सर्वाधिकाऱ्याच्या हुकमाने कर, हे तुम्हाला काय सांगायचं.

"केलं ना. अगं, यांच्या बाकीच्या सगळ्या कार्डांवर आधी तेच आहे. मला वाटलं, कागदावर आपण आधी श्री घालतो तसंच असणार. या एका कार्डावर घालायला हे विसरले, म्हणून मी घातलं."

बाबा, मी इतकी हसले की आई आधी रागावली आणि मग तीही हसायला लागली. तिने तुमची चूक पोटात घातली होती हो. बारा वर्षं तिने तुमच्या हातच्या कार्डांत काना-मात्रा बदलला नाही, आणि बदलला तो तुमची लाज राखायला. मी एक ओळ टाइप केली, तिच्या खोलीतल्या सगळ्या फायलींची मालकी तिच्या नावावर परत करणारी. ती टाइप करताना मात्र सुडो लागलं, हे तिने बरोबर पकडलं आणि म्हणाली, "अच्छा, म्हणजे घालायचं तिथे घालायचंच." मग एफ-सेव्हन. पासवर्ड. काळं झालं, आणि या वेळी आपल्या जुन्या गच्चीचा तो फोटो आला, ज्यात तुमचा फक्त कोपर दिसतो. आईने खुर्ची ओढली, यादी उघडली, शेवटचे नऊ शब्द जागेवर आहेत का पाहिले, आणि मला म्हणाली, वहीत लिही.

मी लिहिलं. कारण आणि उपाय, दोन्ही. आणि मग पानं मागे उलटली, कारण मला माहीत होतं की मी एका पानापाशी थांबणार आहे.

क्वार्टर सोडायच्या आधीचा शेवटचा हिवाळा. तुम्ही माझ्या चुलतभावाच्या लग्नाला गावी गेला आहात. मी तेवीस वर्षांची, नव्या नोकरीची हवा डोक्यात. त्या दिवसांत शब्दांची यादी तुम्ही करत होता. मी जेवताना "ते भिंतीतलं अलमारीसारखं" म्हणाले होते आणि तुम्ही फडताळ असं म्हणून हसला होता, आणि दुसऱ्या दिवसापासून यादी. पाच महिने रोज सकाळी. तुम्ही गावी गेलात आणि कंप्युटर लॉगिनपर्यंत येईना. मी वही उघडली नाही, कार्डं पाहिली नाहीत, आतलं काही आधी बाजूला काढून घेतलं नाही. तुम्हाला चकित करायचं म्हणून सगळं पुसून नवं लिनक्स घातलं, अर्ध्या तासात. इतकं सुंदर दिसत होतं ते. यादी आठवली तेव्हा ती राहिलीच नव्हती.

तुम्ही आलात, बॅग अजून हातात, आणि मी म्हणाले, डिस्क खराब झाली, काहीच वाचलं नाही. तुम्ही बॅग खाली ठेवलीत आणि एकच विचारलंत, "आवाज येत होता का?" मी म्हणाले, हो, कटकट असा. तुम्ही मान हलवलीत, आत जाऊन चहा टाकलात, मलाही दिलात. यादीचं नाव परत काढलं नाहीत आणि परत लिहायलाही घेतली नाहीत. तुम्ही गेल्यावर पाच वर्षांनी आईने सुरू केली, तुमची होती म्हणून. माझी सुटका झाली म्हणून मी तेव्हा पुढचा विचारच केला नाही.

काल केला. वहीत तुमच्या अक्षरात त्या दिवसाची नोंद आहे. लक्षण, लॉगिन येत नाही. उपाय, नवे लिनक्स घातले. कारणाचा रकाना कोरा. सगळ्या वहीत तो एकच रकाना कोरा आहे, अगदी पंख्याच्या नोंदीतसुद्धा तुम्ही कारण आत अडकलेल्या माशीपर्यंत शोधलं आहे. मग मी सैल झाकण काढून आत पाहिलं. तीच डिस्क, तुमच्या अक्षरातली क्वार्टरच्या नंबराची चिठ्ठी तिच्यावर. खराब म्हणून सांगितलेली डिस्क तुम्ही बदललीच नाहीत. मोडकी तार घरात न ठेवणारा माणूस तिच्यावर पुढची तीन वर्षं काम करत राहिला, आणि आई आजवर करते आहे. तुम्हाला त्याच संध्याकाळी कळलं होतं. रकाना तुम्ही माझ्यासाठी सोडला होता की तुम्हाला लिहवला नाही, हे मला सांगता येणार नाही. दोन्ही विचारांनी मला रडू आलं, पण बाबा, रडून झाल्यावर फार हलकं वाटलं.

आज सकाळी मी आणि आईने मिळून अकरा पुस्तकं शिवली. आता बाहेर एक मुलगी वाचते आहे, ओंजळ, आणि आई तिला हात जोडायला नाही, हात जुळवायला सांगते आहे. मुलं हसताहेत. एकाने विचारलं, आंटी, हे सगळे वर्ड्स तुम्ही बनवले? आई म्हणाली, "बिल्कुल नाही, सुरुवात काकांनी केली होती, मध्ये कंप्युटर बिघडला." हे ती इतक्या सहज म्हणाली की मी पेन उचललं. तुमच्या नोंदीतला कोरा रकाना मी भरला. कारण, मुलीने घाई केली आणि मग खोटं सांगितलं. उपायाखाली जागा होती तिथे एक ओळ जोडली, यादी आईने परत लिहून काढली.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, ते वहीच्या मागच्या पानांतच राहील. वही मात्र मी मिटली नाही. ती तिच्या जागी, कीबोर्डच्या डाव्या हाताला, त्याच पानावर उघडी ठेवली आहे. वर्ग सुटला की आई आत येईल, आणि वहीतली प्रत्येक नोंद ती वाचतेच. तिच्याआधी तुम्हाला सांगायला हवं म्हणून एवढं लिहिलं. डिस्कचा आवाज येत नव्हता, बाबा.